सहावी तक्रार

ब्रॉसार्ड, ४ जून

ति. शीलाताईस,

नंदूचा साष्टांग नमस्कार. एका घोर अन्यायाकडे तुझं लक्ष वेधावं म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीच्या स्टीअरिंगच्या मधोमध एक गोल बोधचिन्ह आहे आणि त्यात पंख मिटलेला एक पक्षी आहे. गाडी सरळ रस्त्यावर सरळ जात असताना या पक्ष्यानं सरळ उभं राहावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. बत्तीस वर्षं त्यानं ती पाळली. गेल्या मंगळवारपासून तो उजवीकडे कलून बसतो. अक्षराच्या शाळेतला जुना कोनमापक शोधून मी माप घेतलं. अकरा अंश. ज्या जगात गाडी सरळ जाते आणि पक्षी वाकडा राहतो, त्या जगात धर्म किती पायांवर उभा आहे ते तूच सांग.

अक्षराला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, इट्स अ लोगो." वर असंही म्हणाली, की आई म्हणते, बाबांना सांग, गाडी चालवताना पक्ष्याकडे नाही, समोर बघायचं असतं.

म्हणून तुझ्याकडे दाद मागतो. सव्वीस वर्षं तू केंब्रिजच्या कारखान्यात नव्या गाड्यांची पुढची चाकं आणि स्टीअरिंग तपासलीस. तुझी सही झाल्याशिवाय गाडी बाहेर पडत नसे. फोनच केला असता, पण रिटायर होऊनही तुझा नियम सुटलेला नाही : तक्रार कागदावर, तारीख घालून, पोस्टानं. 'फोनवर लोक तोंडानं आवाज काढून दाखवतात आणि सगळ्यांचे आवाज सारखेच येतात,' हे तुझं वचन मी शिरोधार्य मानतो.

गाडी तीच, हिरवी, दोन सीटांची, छत उघडणारी. चाळिशी उलटल्यावर मी ती जुनीच विकत घेतली म्हणून तू मला वर्षभर 'युवराज' म्हणत होतीस. अक्षरा गिअर टाकायला हिच्यावरच शिकली. आता तिला व्हँकुव्हरला नोकरी लागली आहे. सिनेमातल्या खोट्या आगी आणि खोटे पूर खरे वाटतील असं करायचं, हे काम. 'शिक्षण संपलं की गाडी तुझी,' असं मी एकदा जेवताना बोलून गेलो होतो. मुलं अभ्यास विसरतात, असली वाक्यं विसरत नाहीत. २४ ऑगस्टला, शनिवारी, ती ही गाडी घेऊन निघणार. जवळपास पाच हजार किलोमीटर.

तेव्हा पक्षी सरळ होणं निकडीचं आहे. कारण कळव.

तुझा आज्ञाधारक मामेभाऊ,
नंदू


केंब्रिज, १० जून

चि. नंदू,

अनेक आशीर्वाद. एक पक्षी कलला म्हणून तू दीड पान लिहिलं. आमच्याकडे लाइनवर या तक्रारीला चार शब्द पुरायचे आणि खाली माझी सही. बाप्पा, माणसाला एवढा वेळ मिळतो कुठून?

खड्ड्यात आदळलास का? क्यूबेकात खड्ड्याला 'कोंबडीचं घरटं' म्हणतात असं तूच सांगितलं होतं. तशा एखाद्या घरट्यात पुढचं चाक गेलं की जोडणीतलं माप सरकते आणि स्टीअरिंग वाकडं बसते. गाडी नीट चालत असेल तर अलाइनमेंट करून घे आणि विषय मिटव.

पण आधी सकाळी, गाडी थंड असताना, पुढच्या दोन्ही टायरमधली हवा मोज. मग सपाट रस्त्यावर पकड सैल कर. सोडू नको, सैल कर. गाडी एखाद्या बाजूला ओढते का बघ. ओढत असेल तर पुढची चाकं डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला लाव. ओढीनं बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर गाडीचा. एवढं कर आणि आकडे लिहून पाठव. विशेषणं नको.

अक्षराला सांग, आत्याला तिचा फार अभिमान वाटते. खोटे पूर! आमच्या काळी असं कॉलेज असतं तर मी कशाला बोल्ट तपासत बसले असते.

शीला


ब्रॉसार्ड, १७ जून

ति. शीलाताईस,

सा. न. चाकांची अदलाबदल केली. मला तर बालपणाची गाठ पडल्यासारखं झालं, कारण तू सांगितलीस ती रीत म्हणजे आमचा अन्वय-व्यतिरेक. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं, म्हणून ते कारण. नागपूरला तुमच्या घरी राहून मी पाठशाळेत जात होतो, तेव्हा तुझी आई, माझी आत्या, म्हणायची, याचा पुढे उपयोग काय? तिला कळव. आता झाला.

निष्कर्ष : गाडी डावीकडे ओढते. चाकं बदलली तरी डावीकडेच ओढते. सबब दोष टायरचा नाही, गाडीचा आहे, आणि तो गंभीर असावा असं मला वाटतं.

यात एक चमत्कार आहे. ओढ संध्याकाळी असते, सकाळी नसते. संध्याकाळी मी स्वतः खात्री करून घेतो, अगदी स्वतः, आणि सकाळी पाहावं तर गाडी गंगेसारखी शांत. याचा उलगडा मला झालेला नाही.

दुसरं. ऑटोरूट हायवेवर नव्वदच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरतं. शनिवारी अक्षरा हीच गाडी घेऊन शेरब्रुकला जाऊन आली. तिला थरथर जाणवली नाही. पण ती गाणी लावून गाडी चालवते, त्यामुळे तिची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.

घरी सगळं ठीक. सलोनीनं परवा अक्षराला विचारलं, बाबा ऑफिसातून आल्यावर रोज पंधरा मिनिटं गॅरेजमध्ये काय करतात? अक्षरानं मला विचारलं. मी अक्षराला सांगितलं, चिंतन. तिनं ते आईला कळवलं. आईचं उत्तर आलं, की चिंतन झालं की हात धुऊन मगच फ्रिजला हात लावायचा.

नंदू


केंब्रिज, २४ जून

चि. नंदू,

आकडे मागितले होते, गंगा पाठवली. डाव्या टायरमध्ये हवा किती आणि उजव्यात किती ते या पत्रातही नाही. सकाळी किती, संध्याकाळी किती, दोन्ही लिही.

थरथर फक्त नव्वदलाच येते की ब्रेक दाबल्यावरही? नव्वदलाच असेल तर बहुधा चाकाचं बॅलन्सिंग. ओढीसाठी, फिरवून आणल्यावर डाव्या चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन बघ. लावू नको, नुसता जवळ ने. उजव्यापेक्षा फार तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतो आहे.

आणखी एक. खाली वाकून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरव. पुढची दोन चाकं एकमेकांपासून जराशी फटकून चालत असली ना, तरी गाडी सरळच जाते. बघणाऱ्याला काही दिसत नाही. टायर मात्र आतून झिजत जातो. मी लाइनवर पोरांना सांगायची, बाहेरून चकचकीत दिसते म्हणून सही करायची नाही. वाका.

आणि सलोनी काय म्हणते? ती गाडीत बसते ना? शेजारी बसणाऱ्याला कित्येकदा चालवणाऱ्यापेक्षा जास्त कळते.

शीला


ब्रॉसार्ड, २ जुलै

ति. शीलाताईस,

सा. न. काल कॅनडा डेची सुट्टी होती, त्यामुळे गाडीला पुरेसा वेळ देता आला.

सलोनीला काय जाणवतं ते अक्षराला विचारून कळवतो.

आतली कड खरंच झिजली आहे. हात फिरवला आणि दचकलो. बाहेरून दोन्ही टायर नवरदेवासारखे दिसतात. चाक तापलेलं नाही. हवेचे आकडे सध्या हाताशी नाहीत.

नव्या तक्रारी पुढीलप्रमाणे. स्टीअरिंग फार जड झालं आहे. पार्किंगमध्ये गाडी लावताना उखळात मुसळ फिरवल्यासारखे श्रम होतात. त्यानंतर असंही आढळलं, की ते मधल्या मधे मोकळंही फिरतं. मी इकडे वळवतो, चाक थोडा विचार करतं, मग वळतं.

सगळं सांगायचं म्हणून सांगतो, यात विशेष काही नाही : ड्राइव्हवेमधून गाडी मागे घेताना स्टीअरिंग उजवीकडे पुरतं वळवलं की डाव्या चाकाकडून 'टक्' असा एकच आवाज येतो. एकदाच. सुपारी फोडल्यासारखा. त्याकडे तू दुर्लक्ष केलंस तरी चालेल.

मुख्य प्रश्न जड आणि मोकळं यांचा. ताई, तू या विषयातली अधिकारी व्यक्ती. ओढणारी, थरथरणारी, जड आणि वर मोकळीही अशी गाडी एका तरुण मुलीनं रॉकीजच्या घाटातून न्यावी का? 'नेऊ नये' असं तुझं मत असेल, आणि ते असणारच, तर स्वतंत्र कागदावर स्पष्ट शब्दांत लिहून खाली सही कर. हुद्दाही घाल. निवृत्त असं लिहायची गरज नाही. अक्षरा माझं ऐकत नाही. कागदाचं ऐकेल.

नंदू


केंब्रिज, ८ जुलै

नंद्या,

आज दुपारी चष्मा पुसून तुझी तिन्ही पत्रं डायनिंग टेबलवर ओळीनं मांडली.

मग बेसमेंटमधून एक फाइल वर आणली. तू ही गाडी घेतली तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात मला तिचं दुरुस्तीचं पुस्तक मिळालं होतं. ते मी तुला पाठवलं. तू त्याला पोथी म्हणून लाल कापडात बांधून ठेवलं. पाठवण्याआधी पुढच्या चाकांच्या प्रकरणाची झेरॉक्स मी काढून ठेवली होती हे तुला माहीत नाही. मी सगळ्याच गोष्टींची झेरॉक्स काढते.

त्यात एक्केचाळिसाव्या पानावर तक्ता आहे. दोष आणि त्यांची कारणं. पहिला दोष : स्टीअरिंग मध्यावर नाही. दुसरा : एका बाजूला ओढते. तिसरा : वेगात थरथरते. चौथा : जड. पाचवा : मोकळं फिरते. पुढे वाचायची गरज आहे का?

बाप्पा, निदान क्रम तरी मोडायचा! पण नाही जमलं तुला. आठ वर्षं पाठशाळेत काढली. एक पद पुढे-मागे झालं की गुरुजी पहिल्यापासून म्हणायला लावायचे, आणि तू आमच्या ओट्याजवळ उभा राहून आईचा वरणभात होईपर्यंत घोकत राहायचा. खोटं बोलतानाही मांडी घालून, ओळीनं, स्वर सांभाळून बोललास. अरे, जटापाठ येत होता ना तुला? एक-दोन-दोन-एक करून तक्रारी पाठवल्या असत्या तर कदाचित फसलेही असते मी.

आणि जो टायर रोज संध्याकाळी बसतो आणि रोज सकाळी आपोआप फुगतो, तसा टायर सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेला नाही. हवा तू काढतो. चिंतन म्हणे! भरतं कोण, ते तू शोध.

मला वाटते पहिली तक्रार खरी असावी. पक्ष्याबद्दल तू खोटं बोलणार नाही. तो वाकडा का झाला ते शोधायला पोथी उघडली, खालच्या चार ओळी नजरेला पडल्या आणि डोक्यात किडा शिरला. पोरीची गाडी अडवायची.

आता हसणं बंद कर आणि नीट वाच.

तुझी सहावी तक्रार तक्त्यात नाही. तू ती घालायची म्हणून घातली नाही, आणि दुर्लक्ष कर असंही लिहिलं. म्हणूनच ती खरी आहे. वाकडा पक्षी, टायरची आतली कड, आणि पुरतं वळवल्यावर येणारा एकच 'टक्'. हे तिन्ही एकत्र ठेवले की मला डाव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट दिसतो. चाक ज्याच्यावर वळते तो खालचा सांधा. तो गेला असेल आणि एक दिवस सुटला, तर चाक बाहेर लोळते आणि गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसते. ड्राइव्हवेमध्ये सुटला तर नशीब. घाटाच्या उतारावर सुटला तर काय, ते मी लिहीत नाही.

तेव्हा गाडी आता रस्त्यावर आणायची नाही. डाव्या बाजूला, चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मखाली जॅक लाव, चाक जमिनीपासून उचल, स्टँडचा आधार दे. मग एक हात चाकाच्या माथ्यावर, एक तळाशी, आणि चाक आतबाहेर हलव. हललं तर दुसऱ्या माणसाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हललं तर बॉल जॉइंट.

दुसरं माणूस म्हणून अक्षराला घेऊ नको. तिला मी काही सांगितलेलं नाही. अजून. सलोनीला घे.

शीला


ब्रॉसार्ड, १५ जुलै

ति. शीलाताईस,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो शब्दशः समज. आठही अंगं जमिनीला लागली आहेत.

आरोप मान्य. एक्केचाळिसावं पान मान्य. क्रमाबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी पंधरा मिनिटं हसलो आणि मग पुढचा परिच्छेद वाचला.

रविवारी अक्षरा मैत्रिणीकडे गेली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन सलोनीला म्हटलं, जरा गॅरेजमध्ये येतेस का? तिनं आधी मागे वळून पाहिलं, अक्षरा आहे का ते. मग गॅस बंद केला आणि आली. फार्मसीत ती दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावते, त्यामुळे तिला सूचना एकदाच द्यावी लागते. गाडीत बसली. मी जमिनीवर, चाकाला मिठी मारून.

"दाब."

"दाबला."

"घट्ट?"

"याहून घट्ट दाबला तर मी पलीकडच्या गल्लीत निघेन."

"थांब. हलतंय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"वाईट. सोड."

"सोडला."

"आता परत दाब. दाबलास?"

"अरे, दाबलेलाच आहे. तूच विचारतोयस परत परत."

तरीही हललं. सांध्यावरचं रबराचं टोपण पाहिलं तर ते फाटलेलं, आत गंज, आणि सांध्यात बोटाला जाणवेल एवढा खेळ. दोनदा नाही, चारदा करून पाहिलं. अन्वयही झाला आणि व्यतिरेकही. दोष बॉल जॉइंटचा. मी जमिनीवरच बसून राहिलो. ताई, मी महिनाभर खोटे दोष रचत होतो आणि खरा त्यांच्या मागे लपून बसला होता. तू मला हसून विषय सोडून दिला असतास, तर माझी मुलगी त्या चाकावर निघाली असती.

एक गंमत सांगतो. मी खाली बसलेलो असताना सलोनी आतून म्हणाली, "अरे, हा पक्षी खरंच वाकडा आहे." मला, थेट. आणि मी सवयीनं काय म्हणालो? "हो का, अक्षरा म्हणाली का तसं?"

तिचा पाय ब्रेकवरच होता.

गाडी आज सकाळी ट्रकवर घालून गॅरेजला पाठवली. अक्षराला सांगितलं, आत्यानं पत्रावरून ओळखलं. ते खरंच आहे.

हवा कोण भरतं ते अजून कळलेलं नाही.

नंदू


केंब्रिज, २२ जुलै

चि. नंदू,

चाक हललं हे वाचून मी खुर्चीत बसले आणि शांतपणे एक कप चहा प्याले. आता नीट ऐक. एका बाजूचा सांधा गेला म्हणजे दुसरा त्याच वयाचा आहे. दोन्ही बदल. स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडची टोकंही बघायला सांग. मग अलाइनमेंट, आणि मापाचा कागद मला पोस्टानं पाठव.

हवेचं कोडं सुटलं. शुक्रवारी अक्षराचाच फोन आला. तिची तक्रार नव्हती, म्हणून घेतला. म्हणाली, "आत्या, आय नो. आय फिल इट एव्हरी मॉर्निंग बिफोर माय रन. प्लीज डोन्ट टेल हिम. ही लुक्स सो हॅपी इन द गराज." चार आठवडे, नंदू! बाप संध्याकाळी काढतो, पोरगी सकाळी भरते. तुमच्या घरात एक पंप आहे आणि तुम्ही दोघंही तो परत जागेवर ठेवता, हे मला सगळ्यात आवडलं. आता तू मात्र तुला हे कळलं असं तिला दाखवू नको.

राहिलं तुझं दुखणं. त्याला मी हसले, पण समजते मला. माझा गंधार हॅलिफॅक्सला निघाला तेव्हा मी त्याच्या पासपोर्टवर तीन दिवस बसले होते. खरोखर बसले होते, सोफ्याच्या गादीखाली ठेवून. कॅनडातल्याच हॅलिफॅक्सला जायला पासपोर्ट लागत नाही हे तिसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं. पोरगी जाते, बापाला घर रिकामं वाटते, दोन-तीन महिने वाटते. मग सवय होते. दर रविवारी व्हिडिओवर जेवण काय केलं ते विचारायचं. ती खोटं सांगते, आपण ऐकायचं.

शीला


ब्रॉसार्ड, २२ ऑगस्ट

ति. शीलाताईस,

सा. न. मापाचा कागद सोबत जोडला आहे. दोन्ही खालचे बॉल जॉइंट नवे, डाव्या टाय रॉडचं टोक नवं, पुढचे दोन्ही टायर नवे. पक्षी सरळ. शून्य अंश. काल मी ऑटोरूट दहावर जाऊन आलो. पकड सैल केली, सोडली नाही. गाडी सरळ गेली. टक् नाही, काही नाही. या गाडीत आता तक्रार करायला एकही जागा उरलेली नाही, आणि मी मनापासून शोधली.

अक्षरा परवा सकाळी निघते. दोन सीटांच्या गाडीत एक सीट सामानाला आहे. त्यात राइस कुकर, एक घडीची खुर्ची, आणि लाल कापडातली पोथी. एक्केचाळिसाव्या पानावर मी खूण घालून ठेवली आहे. पंपही तिलाच दिला. तिनं तो घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पोथीशेजारी नीट ठेवला. तुझा शब्द मी पाळला.

आता तुझ्या पत्रातलं एक दुरुस्त करतो. इतकी पत्रं लिहून तुला हेच एक सांगितलं नाही. तुझं निदान या वेळी अर्धंच बरोबर होतं. ती जाते याचं वाईट वाटतं. ते वाटणारच, आणि तू म्हणतेस तशी सवयही होईल. पण टायरमधली हवा मी त्यासाठी काढत नव्हतो.

मी आणि सलोनी किती वर्षं अक्षरामार्फत बोलतो आहोत, हे मी परवा मोजायला बसलो आणि मध्येच थांबलो. भांडण नाही, ताई. भांडलो असतो तर निदान थेट बोललो असतो. ती लहान होती तेव्हा 'आईला सांग, बाबांना विचार' हा खेळ होता. मग सोय झाली. मग तेच बोलणं झालं. माझी पत्रं तुझ्याकडे आहेत, त्यांची झेरॉक्सही असेल. काढून बघ. त्या रविवारच्या गॅरेजखेरीज सलोनीचं एकही वाक्य माझ्यापर्यंत सरळ आलेलं नाही. लिहिताना मला ते दिसलंही नाही.

दाब, दाबला, सोड, सोडला, हलतंय. आम्ही दोघंच असताना इतकं बोललो असा आधीचा दिवस मला आठवत नाही.

शनिवारी गाडी जाईल. संध्याकाळी टेबलावर दोन ताटं असतील आणि मध्ये कोणी नसेल. मी तिच्याशी काय बोलू, ते मला येत नाही. आणि तिलाही येत नसेल तर काय, याची मला भीती वाटते.

नंदू